पेटीसर

पेटीसरांना ‘नाही’ म्हणता येत नाही. बाकी सगळं येतं. मंद्र सप्तकातला एखादा सूर केसभर उतरला तर तो त्यांना शेजारच्या खोलीतून कळतो. वर्गातला पंखा कोणत्या पट्टीत कुरकुरतो हे ते सांगू शकतात, आणि कोणी न विचारता सांगतात. पण समोर उभ्या असलेल्या पोराला ‘बाळा, तुझ्यात गाणं नाही’ एवढं वाक्य त्यांच्या तोंडून आजवर कोणी ऐकलेलं नाही. आणि गंमत अशी की गावात वाद्यवृंद उभा करायचा किंवा समूहगानाचा चमू काढायचा म्हटलं की निवड चाचणीला परीक्षक म्हणून नेमका हाच माणूस बसतो.

त्यांचं नाव इथे देत नाही. यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत आणि पेटीसर सोळाही तालुक्यांत आहेत. वणीचे वेगळे, पुसदचे वेगळे, दारव्ह्याचे वेगळे. एकाचं नाव छापलं तर उरलेले पंधरा फोन करतील, ‘आमच्यात काय कमी दिसलं बाप्पा तुम्हाले?’ म्हणून सगळ्यांचे मिळून एकच सर केले आहेत. ज्यांना ओळख पटेल त्यांनी आपलेच समजावेत.

वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. फुल बाह्यांचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. शर्टाच्या खिशात पेन नसतं. ब्लेडचं अर्धं पातं, बारीक कानस आणि कागदात गुंडाळलेला पांढऱ्या चामड्याचा तुकडा असतो. पातं रीड खरवडायला. रीड टोकाकडून खरवडली की सूर चढतो, बुडाकडून खरवडली की उतरतो, आणि एक हात जास्त पडला की ती टाकून नवी आणावी लागते. त्यामुळे पेटी सुरात लावताना सर श्वाससुद्धा हिशेबाने घेतात. चामडं भात्याला. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांत भात्याचे जोड सुटतात, आणि उंदरांना ऋतू नसतो. सर बोलत असताना त्यांचा डावा हात आपोआप मागेपुढे हलत राहतो. चहाचा कप म्हणूनच ते उजव्या हातात धरतात. नवा माणूस असला की त्याला वाटतं सर आपल्याला जवळ बोलावताहेत, आणि तो जवळ जातो. मग त्याचीही निवड होते.

शाळेच्या कागदावर सर भूगोलाचे आहेत. शिक्षणहक्क कायद्यात, म्हणजे २००९ च्या, असं लिहिलं आहे की सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असली तर कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक असावा. सरांना ते पाठ आहे. मुख्याध्यापकांनाही पाठ आहे. दोघं ते एकमेकांना म्हणून दाखवत नाहीत, एवढंच. वेळापत्रकात ‘कला’ नावाचा तास आहे. त्या तासाला गणिताच्या सरांचा राहिलेला भाग पूर्ण होतो. सरांना संगीतासाठी बोलावणं येतं ते पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला आणि साहेब येणार असले की. मधल्या काळात सर निवडणुकीच्या याद्या करतात, सर्वेक्षणं करतात, आणि शिक्षकांचं प्रशिक्षण असलं की ‘गीतमंच’ सांभाळतात. गीतमंच म्हणजे जेवणानंतर पेंगलेल्या शिक्षकांना जागं करायची सरकारी सोय. तिथेही सर पट्टी विचारून घेतात. ‘काळी दोन घ्यायची की पांढरी चार?’ तीनशे शिक्षकांतून एकही उत्तर येत नाही. सर मग दोन्हींत गाऊन दाखवतात.

२०२३ च्या १९ फेब्रुवारीपासून ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत झालं, तेव्हा सरांचे चार-सहा महिने सोन्याचे गेले. राजा बढ्यांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, शाहीर साबळ्यांचा आवाज. मुख्याध्यापकांचं म्हणणं की मोबाइलवर लागतं तसंच्या तसं व्हायला पाहिजे. शाहिरांची पट्टी पाचवीच्या पोरांना कुठून झेपणार? मुलं वर चढताना निम्मी गळायची आणि उरलेली ओरडायची. सरांनी गाणं खाली उतरवलं. मुख्याध्यापक म्हणाले, ‘जोश कमी झाला.’ सर म्हणाले, ‘जोश तेवढाच आहे सर, फक्त आता तो सुरात आहे.’ शाळेच्या राजकारणात सरांनी दिलेलं हे एकमेव उलट उत्तर, आणि तेही त्यांनी घरी आल्यावर वहिनींना दोनदा सांगितलं.

पण सरांची खरी कसोटी स्वागतगीताला लागते. स्वागतगीत एकच आहे, चाल भूपातली, त्यांचीच. पाहुणा बदलतो तसं त्यातलं पद बदलायचं. लोकांना वाटतं, त्यात काय आहे! सरांना विचारा. जिल्हाधिकारी सोपे. ‘जि’ ऱ्हस्व धरली की मात्रा बरोबर आठ, केरव्यात चपखल बसतात. पालकमंत्रीही आठ. आमदार आणि खासदार सहा-सहा मात्रांचे, त्यांच्यासाठी दादरा. शिक्षणाधिकारी दहा मात्रांचे, म्हणजे सरळ झपताल. गटशिक्षणाधिकारी तर पदाने लहान आणि मात्रांनी मोठे. बारा भरतात, त्यांना एकताल लावावा लागतो. सरपंच पाचातच संपतात. नुसतं सोडलं तर ताल लंगडतो, म्हणून मागे ‘साहेब’ जोडायचं, की तेही दहा मात्रांचे होऊन शिक्षणाधिकाऱ्यांच्या पंगतीत येतात. यावरून मानापमान होऊ शकतो, पण मात्रा कोणी मोजत नाही म्हणून निभावतं. मुख्यमंत्री सात मात्रांचे. म्हणजे रूपक. आणि रूपकाची सम खालीवर येते, तिथे तबलजी पोरगा हमखास चुकणार. ‘मुख्यमंत्री आपल्या शाळेत येऊ नयेत,’ असं सर जे म्हणतात त्यात राजकारण नाही.

एकदा तासभर आधी कळलं की आमदारांच्या जागी शिक्षणाधिकारी येताहेत. सहाच्या जागी दहा. सरांनी मैदानाच्या कोपऱ्यात पोरांना उभं करून मांडीवर झपताल दाखवला. दोन-तीन-दोन-तीन. पोरांनी मान डोलावली आणि व्यासपीठासमोर दादराच वाजवला. शिक्षणाधिकाऱ्यांच्या पदातलं ‘कारी’ तालाबाहेर लोंबकळत राहिलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, शाल घेतली, मुलांच्या उत्साहाचं कौतुक केलं. सरांना रात्री जेवण गेलं नाही.

संध्याकाळी सरांचा क्लास. जागा एका मंगल कार्यालयाचं कोठीघर. लग्नसराईत कढया-पातेली परत आली की क्लास गच्चीवर जातो. तिथे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची तयारी होते. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मग मध्यमा, मग विशारद. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते संगीत राजवाड्यातून सामान्यांच्या ओसरीत यावं म्हणून. ते आलं. ओसरीत आल्यावर सामान्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘मार्क किती?’ कारण दहावीला शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, आणि ही बातमी ज्या वर्षी गावात पोचली त्या वर्षी सरांकडे जेवढे विद्यार्थी आले तेवढे तानसेनाकडे आले नसतील.

‘सर, याले ते गाण्याचे मार्क पायजे,’ एक बाप पोराला पुढे ढकलून म्हणतो. कपाशीला फवारणी करून तसाच आलेला.

‘मार्क पाहिजे की गाणं पाहिजे?’ सर शक्य तितक्या कडकपणे विचारतात.

‘मार्क. गाणं तं येतेच त्याले. दिवसभर बोंबलतेच नं.’

सर पेटी उघडतात, काळी एक धरतात आणि म्हणतात, ‘बेटा, सा लाव.’ पोरगा जिथे लावतो ती जागा बारा स्वरांत नाही. बावीस श्रुतींतही नाही. सर डोळे मिटतात. बाप श्वास रोखतो. सर डोळे उघडून म्हणतात, ‘आवाज मोठा आहे.’ बाप खूश. पोरगा त्याच दिवसापासून क्लासला.

फी किती हे क्लासमधल्या कोणालाच नक्की सांगता येत नाही. वहिनी म्हणतात, ‘फी मागाची असली का यांचा घसा बसते.’ म्हणून हिशेबाची वही वहिनींकडे. कापूस विकला की देऊ, असं म्हणणाऱ्यांची नावं त्यांनी वेगळ्या पानावर लिहिली आहेत आणि त्या पानाला सर ‘राग कपास’ म्हणतात. तो ऐन दिवाळीनंतर गायचा राग आहे, आणि भाव पडला की त्या वर्षी गायला जात नाही. वेचणी सुरू झाली की अर्धा क्लास शेतात असतो. दुर्गोत्सवात उरलेला अर्धा. यवतमाळचा दुर्गोत्सव पाहिलेल्याला हे सांगायला नको. त्या नऊ रात्री जिल्ह्यातलं प्रत्येक तबला-ढोलकीचं पोट्टं कुठल्या ना कुठल्या मंडळाच्या मांडवात ऑक्टोपॅडवर चढलेलं असतं. सर रागावत नाहीत. रात्री फिरायला निघतात आणि मांडवामागे उभे राहून कोण कुठे लय सोडतं त्याची नोंद घेऊन येतात.

सरांचा खरा राग एकाच संस्थेवर आहे. आकाशवाणी. १९४० साली आकाशवाणीने पेटीला बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत चालली. का, तर म्हणे पेटीवर मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, विलायती वाद्य. सर तेव्हा जन्मले नव्हते किंवा पाळण्यात होते, पण हा अपमान ते वैयक्तिक धरून बसले आहेत. अजूनही रेडिओवर पेटीची साथ लागली की ते विजयी मुद्रेने इकडेतिकडे पाहतात. मात्र एकांतात, पेटी लावून झाल्यावर, विषय निघाला तर म्हणतात, ‘मींड निघत नाही हे खरं आहे हो.’

वाद्यवृंदाचं वेड त्यांना मैहरच्या बाबांमुळे लागलं. उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी मैहर संस्थानात साथीच्या रोगात पोरकी झालेली मुलं गोळा केली, त्यांना वाद्यं शिकवली आणि बँड उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचं नलतरंग केलं. बाबांचेच शिष्य रविशंकर यांनी पुढे १९५२ मध्ये आकाशवाणीच्या वाद्यवृंदाची उभारणी केली. (म्हणजे आकाशवाणीने एक तरी बरं काम केलं, असं सर इथे थांबून म्हणतात.) व्हेनेझुएलात १९७५ साली होसे आंतोनियो आब्रेऊ या अर्थशास्त्रज्ञाने एका गॅरेजात मूठभर मुलं घेऊन असंच काहीसं सुरू केलं आणि ते देशभर पसरलं, हेही त्यांनी कुठेतरी वाचलंय. ‘त्यांच्याकडे गॅरेज होतं, आपल्याकडे कोठीघर आहे,’ सर म्हणतात. ‘फरक काय?’ फरक सांगायला गेलेल्या माणसाकडून सरांनी दोन जोड झांजांची देणगी घेतली. देणगीच्या वेळी ते एक हुकमी पान टाकतात: १९७३ च्या यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते. ‘गीतरामायण लिहिणारा माणूस आपल्या गावात अध्यक्ष म्हणून बसून गेला, आणि गावात साधं व्हायोलिन नाही?’ व्यापारी ओशाळतो आणि गल्ल्यात हात घालतो. दुसऱ्या वर्षी तोच व्यापारी सर दिसले की दुकानाच्या मागच्या दाराने जातो.

तर, निवड चाचणी.

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचा युवा महोत्सव जवळ आला की गावातलं कॉलेज सरांना बोलावतं. १९८३ पासूनचं हे विद्यापीठ, पाच जिल्ह्यांची कॉलेजं त्यात. समूहगान आणि लोकवाद्यवृंद म्हटलं की चुरस मोठी. कॉलेजात संगीताला कोणी नसतं आणि पोरं बहुतेक सरांच्याच क्लासमधून गेलेली. महिनाभरात वाद्यवृंद बसवायचा. मंचावर माणसं किती असावीत याला नियम. तेवढीच निवडायची, बाकीच्यांना नाही म्हणायचं.

एका वर्षी सरांनी ठरवलं की निवड पाश्चात्त्य पद्धतीने करायची. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांत वादक पडद्याआड वाजवतो, परीक्षकाला दिसत नाही; बाई आहे की बुवा, गोरा की काळा, कोणाच्या ओळखीचा, काही कळू नये म्हणून. बुटांच्या टाचांवरून कळू नये म्हणून खाली गालिचा घालतात, नाहीतर बूट काढायला लावतात. सर म्हणाले, ‘आपल्याकडे चपला आधीच दाराबाहेर असतात. या बाबतीत आपण पुढे आहोत.’ कोठीघरात खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत सुतळी बांधून सोलापुरी चादर टाकली. पलीकडे वादक, अलीकडे सर, वही आणि चहा. बोलायचं नाही, फक्त नंबर सांगायचा.

पहिला आला. ‘सर, मी आलो. सुरू करू का?’

‘अरे बोलू नको. नंबर सांग.’

‘नंबर विसरलो सर. मी नाही का, तुमच्या घराखाली किराणा आहे, त्यांचा...’

‘वाजव बाबा.’

सर त्याच्या ढोलकीवरून तसंही ओळखणार होते, कारण डावी बाजू सैल ठेवायची खोड त्यांनीच त्याला सोडायला सांगितली होती आणि त्याने सोडली नव्हती.

दुसऱ्या नंबरला कीबोर्ड होता. पडद्यामागून जे सुरू झालं ते ऐकून सर ताठ बसले. दोन्ही हात स्वच्छ, पट्टी भक्कम, लय तसूभर हलत नाही. वर तबल्याचा ठेका, बासरी, व्हायोलिनं. सरांनी वहीत लिहिलं, ‘लय अगदी मशीनसारखी.’ मग थोडं थांबून त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. तेवढ्यात तिसऱ्या नंबरची मुलगी आईला घेऊन दारात आली. सर दिसेनात. आई म्हणाली, ‘दिसत नाही म्हणून काय झालं, नमस्कार कर नं!’ मुलगी जिथे सर असावेत असं वाटलं त्या दिशेला वाकली, हात चादरीला लागला, सुतळी सुटली आणि पडदा खाली आला. संस्थाध्यक्षांचा नातू, बीकॉम पहिलं वर्ष, दोन्ही हात पँटच्या खिशात घालून उभा होता. कीबोर्ड एकटाच वाजत होता. डेमोचं बटण दाबलेलं.

सर्वांनी सरांकडे पाहिलं. आयुष्यात एकदा ‘नाही’ म्हणायची याहून चांगली संधी कोणाला मिळणार? सरांचा चेहरा लाल झाला. डावा हात भात्यावर असल्यासारखा जोरात हलू लागला. मग ते म्हणाले, ‘कीबोर्ड चांगला आहे. कीबोर्डची निवड झाली.’ पोरगा बघतच राहिला. सरांना लगेच वाईट वाटलं. म्हणाले, ‘आणि तो उचलायला कोणीतरी लागेलच. तू ये.’

पडदा पुन्हा बांधला नाही. त्यानंतर दिवसभर जिल्हा येत राहिला. लग्नाच्या बँडपार्टीत काकाबरोबर क्लॅरिनेट वाजवणारा पोरगा आला, त्याला दोनच गाणी येत होती, पण ती त्याने अशी वाजवली की खालच्या रस्त्यावर एका मोटारसायकलवाल्याने वरात समजून गाडी बाजूला घेतली. दिग्रसकडच्या तांड्यावरच्या दोघी बहिणी काशाची थाळी आणि डफ घेऊन आल्या, होळीतली लेंगी गायल्या. पाटणबोरीकडून एक पोरगा आजोबांची किंगरी घेऊन आला; प्रधानांच्या घरातलं वाद्य, तारा जुन्या, आवाज बारीक, आणि ती वाजवताना पोरगा सारखा दाराकडे बघायचा, कारण आजोबांना विचारलं नव्हतं. आणि खंजिऱ्या! तुकडोजी महाराजांनी वऱ्हाडाला ग्रामगीता दिली आणि घराघरात एक खंजिरी दिली. कॉलेजच्या पोरांतून अकरा खंजिरीवाले आले. अकराही चांगले. त्यातला एक येताना पाचवीतल्या धाकट्या भावाला घेऊन आला, कारण घरी त्याच्याकडे बघायला कोणी नव्हतं. त्या भावानेही खंजिरी आणली होती.

चारच्या सुमारास झरी जामणीकडच्या पोडावरचा एक कोलाम पोरगा आला. बीए पहिलं वर्ष, अंगाने काटकुळा, गळ्यात ढोल. पाचेक मिनिटं वाजवलं. कोठीघरातल्या रिकाम्या कढया गुणगुणायला लागल्या. सरांनी विचारलं, ‘किती मात्रांचं होतं रे?’ पोरगा गोंधळला. म्हणाला, ‘मोजल्या नाही सर. दंडारीत वाजवतो तसं वाजवलं.’ सरांनी त्याला पुन्हा वाजवायला सांगितलं आणि मांडीवर बोटं मोजत बसले. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मोजणं सोडलं. चहा गार झाला.

सरांची वही मी नंतर पाहिली. शेऱ्यांची एक भाषा आहे, ती कळली की सगळं कळतं. ‘आवाज मोठा’ म्हणजे बेसूर. ‘घरचं वातावरण चांगलं’ म्हणजे सूरही नाही आणि तालही नाही. ‘उंची चांगली’ म्हणजे मागच्या रांगेत झांज देऊन उभा करावा. ‘बरा’ म्हणजे खरोखर बरा. ‘बराच बरा’ हा शेरा पानांमागून पानं उलटल्यावर एखाद्याला. कोलाम पोराच्या नावापुढचा रकाना रिकामा होता. किंगरीवाल्याचाही. ऐकता ऐकता सर लिहायचं विसरले होते.

वहीत अशी खरी निवड झालेली असते. पण यादी वेगळी लागते. कॉलेजच्या फळ्यावर सरांच्या सुवाच्य अक्षरात: निवड झालेले, राखीव, विशेष राखीव, सहयोगी. कोणाचंही नाव गळालेलं नाही. सहयोगी म्हणजे पेटी उचलणारे दोघं, श्रुतीपेटीचं बटण दाबणारा एक, तो आजारी पडला तर दाबणारा आणखी एक, ढोल शेकायला शेगडी सांभाळणारा एक. पाचवीतला धाकटा भाऊ ‘विशेष राखीव’मध्ये, अकरा खंजिऱ्यांपैकी दोन ‘निवड’मध्ये आणि नऊ ‘राखीव’मध्ये. कीबोर्डाबद्दल कॉलेजने विचारलं, ‘सर, लोकवाद्यवृंद आहे नं, कीबोर्ड कसा चालेल?’ सर म्हणाले, ‘मंचावर नाही घ्यायचा. पण सोबत असू द्या.’ अध्यक्षांचा नातू तो महिनाभर उचलून ने-आण करत होता. त्या महिन्यात तो खंजिरी शिकला. चांगली शिकला, असं नाही म्हणणार, शिकला.

सराव रोज रात्री आठला. सर मध्ये उभे, हातात कंडक्टरची काठी म्हणून उदबत्तीची काडी. सुरुवातीला प्रत्येक जण आपापल्या गावाच्या वेगाने वाजवायचा. किंगरी ऐकूच यायची नाही. सरांनी ढोल दाराबाहेर नेला, थाळी जिन्यावर, खंजिऱ्या गच्चीवर आणि किंगरी पेटीच्या अगदी शेजारी. जागा दाटीवाटीची म्हणून नव्हे, ज्याचा आवाज लहान त्याला जवळ घ्यायचं म्हणून. त्या रात्री पहिल्यांदा सगळं एकत्र ऐकू आलं. शेजारच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने तक्रार करायला म्हणून दार ठोठावलं. सरांनी त्याला आत बोलावून जवळ बसवलं. त्याचं नाव आता ‘सहयोगी’त आहे.

अमरावतीला जायच्या दिवशी नेहमीचाच प्रकार. कॉलेजने खर्च दिलेला असतो मंचावरच्या माणसांचा, आणि बसस्थानकावर जमतात त्याच्या तिप्पट. वहिनी शिदोरी सगळ्यांच्या हिशेबाने बांधून देतात, कारण यादी त्यांनीही वाचलेली असते. नेरच्या पुढे एसटीत सराव सुरू होतो. कंडक्टर आधी ओरडतो आणि बडनेरा येईपर्यंत थाळीवर ठेका धरतो. महोत्सवात परीक्षक तिघं. सर निकालाआधीच त्यांच्या माना पाहून कोणाला ताल कळतो ते ठरवून टाकतात. निकालात सरांच्या चमूचं नाव बहुतेक वेळा ‘उत्तेजनार्थ’मध्ये असतं. सर म्हणतात, ‘उत्तेजनार्थ चांगलंच असतं. त्याचा अर्थ असा की आपल्याला नाही म्हणायला त्यांना जड गेलं.’ हे त्यांना फार समजतं.

त्या वर्षी तिसरा नंबर आला. ढोल आणि किंगरी यांचं परीक्षकांनी नाव घेऊन कौतुक केलं. सर परत येताना बसमध्ये झोपले आणि झोपेतही त्यांचा डावा हात हलत होता. किंगरीवाल्या पोराच्या आजोबांनी मात्र घरी गेल्यावर वाद्य काढून घेतलं, कारण तारा बदलल्या होत्या. मग दुसऱ्या रविवारी ते स्वतः कोठीघरात आले, ‘कोणी बदलल्या तारा?’ म्हणत. सरांनी त्यांना वाजवून दाखवा म्हटलं. आजोबा आता दर रविवारी येतात.

वाचकांना एकच विनंती. घरात माळ्यावर जुनी पेटी पडली असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. भात्याला उंदरांनी भोक पाडलेलं असो, पट्ट्या अडकत असोत, निम्म्या रीड मुक्या असोत, सगळं चालतं. तुमच्या तालुक्याचे पेटीसर स्वतः येऊन घेऊन जातात, मोटारसायकलच्या कॅरिअरला जुन्या ट्यूबने बांधून. शक्यतो पावसाळ्याआधी द्या, म्हणजे लाकूड फुगायच्या आत त्यांना उघडता येते. आणि तुम्हीच पोचवायला गेलात तर एक सांभाळा: घरातलं मूल सोबत नेऊ नका. नेलंत, तर त्याची निवड झालीच समजा.